गुडघ्याखालची यादी

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी काजूची यादी करते. दोन बादल्या, एक वेताची टोपली, बियांसाठी कापडी पिशवी, कोयता, पाण्याच्या दोन बाटल्या, पेजेचा डबा, काकीचा डोक्याला बांधायचा टॉवेल. वस्तू दर वर्षी त्याच असतात, तरी यादी करते. यादी केल्याशिवाय माझ्या हातून चतुर्थीची झाडलोटसुद्धा सुरू होत नाही. गेली चार वर्षं या यादीच्या शेवटी एक शब्द जास्तीचा असतो : वाकणे. पहिल्या वर्षी तो वाचून आमचे हे म्हणाले होते, "ही काय बाजारातसून आणूची वस्तू?" नाही. पण बाकीच्या सगळ्या वस्तू तिच्यावाचून निकामी असतात, हे मला त्या वर्षी कळलं.

आता पुन्हा तो वास आला आहे. पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये कुणीतरी सीटखाली बोंडूंची, म्हणजे काजूच्या फळांची, बादली सरकवतं आणि पुढच्या थांब्यापर्यंत सगळी बस त्या वासाने भरते. धड गोड नाही, धड आंबट नाही. बाहेरून आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. आमची माणसं नुसती मान वळवून बादली कुणाची ते बघतात, आणि मग "तुमचो सुरू झालो?" असं विचारतात. काल मलाही एकीने विचारलं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन वही काढली.

डोंगर आमचा म्हणजे फार मोठा नाही. चाळीसेक काजूची झाडं, मधे कातळ, वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या. तो खरा काकीचा. काकी म्हणजे ह्यांच्या चुलत्यांची बायको, माझी चुलत सासू. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, ती आमच्यातच असते. वर्षाचे नऊ महिने काकी घरातली एक म्हातारी बाई असते. पण काजूचे तीन महिने तिला डोंगर असतो. सकाळी उजाडताच ती वर जाते आणि तिची चाल बदलते. मला लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात तिने बरोबर नेलं होतं. मी मुळगावची, शेतातली, त्यामुळे वाकण्याचं मला काही वाटलं नाही. कचेरीत जायच्या आधी दोन तास आम्ही दोघी डोंगरावर, मग ती बोंडू मुरगळून बिया वेगळ्या करत बसायची आणि मी धावत बस पकडायची. हे असं पंचवीसेक वर्षं चाललं.

पाच वर्षांपूर्वीच्या मोसमात काकी एकदा एकटीच गेली. मला ताप होता. वाळलेल्या पाचोळ्यावरून तिचा पाय घसरला आणि उतारावर ती बराच वेळ बसून राहिली. खालून जाणाऱ्या एकाला हाक ऐकू गेली म्हणून बरं. हाड मोडलं नाही, पण घरात नियम झाला : काकीने एकटीने वर जायचं नाही. नियम मीच केला. फ्रिजवर लावलासुद्धा.

आणि पुढच्याच जानेवारीत कचेरीत खाली पडलेली टाचण्यांची डबी उचलायला मी वाकले, ती वर आलेच नाही.

आमच्या शिपाईमामांनी आणि टंकलेखन करणाऱ्या मुलीने मला तशीच, काटकोनात, रिक्षेपर्यंत नेलं. कपाट हलवतात तसं. मामा मला धीर देत होते आणि मी त्यांना ड्रॉवरची चावी कुठे आहे ते सांगत होते. दुखत होतं ते होतंच, पण खरी भीती मला तिसऱ्या दिवशी वाटली. पाठ जराशी सैल झाली होती, मी अंगणात उभी होते, तुळशीकडे पडलेली कपड्याची पिन दिसली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. दोन फुटांवर होती आणि मला ती मिळणार नव्हती.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "यंदा डोंगर कोणाक तरी वेचूक देवया. तुका जमूचा नाय आणि काकीक एकट्याक सोडूचा नाय." बोलणं बरोबर होतं. ह्यांनी तर वीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवलेला. त्यांची मान वळत नाही, मागे बघायचं तर सगळं अंग वळवतात. ते कुठे वाकणार! मी काकीकडे पाहिलं. ती आदोळीवर बसून नारळ खोवत होती. हात थांबला नाही. इतकंच म्हणाली, "हिका इचारा. ही येत तर मी जायन. नाय तर नाय." आणि खोवलेलं खोबरं ताटलीच्या मधोमध गोळा करत राहिली.

म्हणजे काकीचा डोंगर माझ्या कमरेवर येऊन ठेपला होता.

म्हापशाला व्यायामोपचार करणारी एक तरुण डॉक्टर होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने मला उभं करून सांगितलं, "ताई, हळूहळू खाली वाका. थांबेल तिथे थांबा." माझी बोटं गुडघ्यापाशी थांबली. ती हसली नाही, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. तिने पाठ, मांड्या, पोटऱ्या, खांदे, सगळं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "नुसती कंबर नाही ताई, सगळंच आखडलंय. कमरेला एकटीलाच काम पडतंय." मग एका कागदावर काड्यांची माणसं काढून दिली. अंथरुणातच उताणं पडून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा. हातापायांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर काढायची, मग खाली सोडायची. भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरी ताणायची. पाठीवर पडून पायाच्या तळव्यात पंचा अडकवून पाय सरळ वर. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती पुढे. आणि शेवटी खिडकीचे गज धरून उकिडवं बसायचं, जमेल तितकंच. "ताणल्यासारखं वाटलं पाहिजे, दुखता कामा नये. झटका द्यायचा नाही. तीस आकडे थांबायचं आणि श्वास रोखायचा नाही. बस्स, रोज वीस मिनिटं."

सोपं होतं. मी घरी येऊन तक्ता आखला. तारीख, व्यायाम, आकडे, आणि शेवटच्या रकान्यात बोटांपासून जमिनीपर्यंतचं अंतर, इंचांत. पट्टी शिवणाच्या डब्यातली. अंतर वीस इंच भरलं. रोज एक इंच धरला तर वीस दिवस, दोन दिवस सवलतीचे. काजू सुरू व्हायच्या आत काम पूर्ण.

पहिल्या आठवड्यात दोन इंच झाले. दुसऱ्या आठवड्यात अर्धा. हे सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे. मी ओणवी, पाठ वर काढलेली. "काकी, बघ गे, पेडण्यात सर्कस इली." काकी म्हणायची, "तू आदी मान वळव आणि मग बोल." मी दोघांनाही उत्तर द्यायची नाही, कारण मी आकडे मोजत असायची. तीसऐवजी साठ मोजायला लागले. मग वाकताना वरून थोडा हिसका द्यायला लागले. एका सकाळी मांडीच्या मागे काहीतरी चटकन झालं आणि पुढचे चार दिवस मी लंगडत कचेरीत गेले. तक्त्यात त्या चार रकान्यांत फुली मारली. माझ्या वहीत फुल्या नसतात. त्या पानाकडे बघवेना.

तेवढ्यात बोंडू पडायला लागले. शिगम्याचे ढोल अजून लांब होते, पण डोंगर लाल-पिवळा दिसायला लागला होता. मी म्हटलं, मी येते. उभ्याने जे होईल ते करीन. काकीने टॉवेल डोक्याला बांधला. तिच्या गाठीतली घाई मला दिसली.

त्या दिवशी जे केलं ते सांगायला आजही अवघड वाटतं. पण ते सांगितल्यावाचून पुढचं काही सांगता येणार नाही.

काकी पलीकडच्या अंगाला गेली. मी एका मोठ्या झाडाखाली उभी. पायाशी बोंडू पडलेले, आणि ते पिनेसारखेच दूर. वर मात्र हाताच्या अंतरावर फांद्या लगडलेल्या, काही तांबडेलाल. माझं डोकं व्यवस्थेचं आहे, ते लगेच चाललं. येताना आधाराला म्हणून मी आंबे काढायची आकडीची काठी घेतली होती. पेजेच्या डब्याला गुंडाळलेली जुनी साडी होती. साडी पायाने सरकवत सरकवत झाडाखाली पसरली, आकडी फांदीला अडकवली आणि हलवली. टपटप सरी आल्या. चार कोपऱ्यांपैकी दोन काठीने उचलून घेतले की बोंडू आपोआप गोळा. एकदाही वाकावं लागलं नाही! मी तीन झाडं केली. इतका आनंद झाला मला, की याची पद्धत नीट लिहून काढायची असंही ठरवलं.

काकी आली ती अर्धी बादली घेऊन. माझ्या साडीकडे तिने पाहिलं.

"ह्यां काय केलंस गे?"

"वेचलंय. बघा कितके झाले!"

ती खाली बसली. साडीतला एक बोंडू उचलला, तोही मी दाखवायला म्हणून वर ठेवलेला, चांगला तांबडा. तिने तो फोडून माझ्यापुढे धरला. आत कोरडा, घशाला बसेल असा तुरट. बी हिरवी, अर्धवट भरलेली. मग तिने साडीत पडलेला मोहोर वेचायला सुरुवात केली. वाटाण्याएवढ्या हिरव्या बिया, ज्यांना अजून बोंडू फुटायचे होते, ज्यांचा एप्रिल व्हायचा होता. त्या एकेक करून ती तळहातावर ठेवत होती. मूठ भरली, तशी पदरात.

काजूचा बोंडू काढायचा नसतो. हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आंबा उतरवतात, नारळ पाडतात, काजू मात्र आपणहून पडायचा असतो आणि आपण वाकायचं असतं. मलाही ठाऊक होतं, पंचवीस वर्षं. फक्त त्या सकाळी वाकायचं नव्हतं म्हणून मी ते विसरून टाकलं.

फेणीच्या भट्टीवर पुंडलिकाने दोन्ही बादल्या पुढ्यात घेतल्या, वास घेतला, आणि काही न विचारता काकीचे बोंडू दगडी कुंडीत ओतले व माझे बाजूला ठेवले. "वहिनी, ह्येंचो रस निगूचो नाय. ढोरांका घाला." काकी पटकन म्हणाली, "वाऱ्यान पडले रे." पुंडलिकाने आकाशाकडे बघितलं. पान हलत नव्हतं.

घरी येताना मी रडकुंडीला आले होते. "यंदा देवन टाकूया, काकी. माका जमना." काकी चालत राहिली. फाटकापाशी थांबून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथे दुखायचं तिथेच, आणि म्हणाली, "बोंडू पिकलो की आपणच खाली येता. तेका ओढूचो नसता. तुझ्या कमरेकय ओढू नको." मग जरा थांबून, "पण तू रोज उठ मात्र. झाडाखाली जावकच होयां."

ह्यांना मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. "पाडव्यापर्यंत बघूया," म्हणाले. "तोपर्यंत कोणाक वेचूक सांगणंय नाय." पाडव्याला जेमतेम महिना होता.

त्या संध्याकाळी मी वहीतला इंचांचा रकाना खोडला. त्याऐवजी काकीकडे बघत बसले. यादी करायची सवय, म्हणून लिहीत गेले. काकी आदोळीवर खोवते : जमिनीवर. मासळी नीट करते : उकिडवी. अंगण झाडते : कमरेतून वाकून, गुडघे सरळ. तांदूळ निवडते : पाय पसरून. दिवसभरात ती कितीदा खाली जाते आणि वर येते, ते मोजताना माझी बोटं संपली. मग माझी यादी केली. ओटा, उभ्याने. मिक्सर. टेबल. खुर्ची. स्कूटर. कपडे धुवायचं यंत्र, तेही मी मुद्दाम चौथऱ्यावर बसवलेलं, वाकायला नको म्हणून. पंधरा वर्षांत मी घराची अशी छान व्यवस्था लावली होती, की माझ्या गुडघ्याखाली माझी एकही वस्तू उरली नव्हती. शरीराने तरी खाली कशासाठी जावं?

दुसऱ्या दिवशी मी कांदे-बटाटे खालच्या फळीवर ठेवले. चहा-साखरेचे डबेही. हे सकाळी ओरडले, "साखर खंय गेली?" "खाली!" तेव्हापासून घरात प्रत्येकाला चहासाठी उकिडवं बसावं लागतं. ह्यांची कुरकुर आठवडाभर चालली. मग एका सकाळी मी दाराच्या चौकटीला हात टेकून उभी होते, तर दुसऱ्या चौकटीला हे. "माझी मान वळता काय बघतंय," म्हणाले. मी तक्त्यात एक नाव वाढवलं.

बाकी तसंच. गुडघा छातीशी, मांजरपाठ, पोटरी, पंचा, खिडकीचे गज. तीस आकड्यांऐवजी पाच सावकाश श्वास मोजायला लागले, कारण आकडे मोजताना मी घाई करते आणि श्वास घाईने घेता येत नाही. पाचव्या श्वासापाशी मांडीच्या मागची शीर कधीकधी आपल्या आपण एक गाठ सोडते. तो सुटल्याचा क्षण मला कळायला लागला. ओढून तो येत नाही. सकाळी डोंगरावर मी काकीबरोबर जात होते, पण मोठ्या कातळावर बसून ती आणेल त्या बोंडूंच्या बिया मुरगळून काढत होते. आकडीची काठी घरी ठेवली होती. दिवस जात होते. शिगमो आला, ढोल वाजले, गेला. काकी अर्धा डोंगर एकटीने वेचत होती आणि उरलेल्या अर्ध्यातले बोंडू पाचोळ्यात सडत होते. हे दोघींना दिसत होतं.

पाडव्याच्या आदल्या सकाळी काकी वरच्या जाळीकडे होती. मी कातळावरून उठून पिशवी झाडाला अडकवायला गेले. तिथे एक पिवळा बोंडू पडला, अगदी माझ्यासमोर. पानातून सुटला, खालच्या फांदीवर आपटला, पाचोळ्यात बसला. मी तो उचलून पिशवीत टाकला. त्याच्या शेजारचाही. मग उतारावर एक दिसला. मग जाळीच्या मुळाशी तीन. माझ्या डोक्यात त्या वेळी उद्याच्या पुरणाची यादी चालली होती. गूळ घरात आहे, वेलची नाही.

"गे!" काकी वरून ओरडली. "तुझी बादली खंय?"

"कित्याक?"

"पिशवी फाटतली आता!"

मी पिशवीकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. बोटांच्या टोकांना माती लागली होती, नखांत वाळका पाला. मी तशीच थोडा वेळ उभी राहिले आणि मग मुद्दाम, सावकाश, पुन्हा एकदा खाली गेले. टाचा टेकून. जमिनीवर अख्खा तळहात ठेवला. ऊन लागून ती गरम झाली होती.

त्या पाडव्याला डोंगर कुणाला वेचायला द्यायचा ते ठरवावं लागलं नाही.

आता चार वर्षं झाली. सकाळची वीस मिनिटं चुकत नाहीत, असं लिहिलं तर खोटं होईल. पाहुणे असले की चुकतात. पण दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी साखरेचा डबाच आठवण करून देतो. ह्यांची मान आता खांद्यापर्यंत वळते आणि बायकोचं श्रेय नाकारण्यापुरती तर नक्कीच. माझी बोटं जमिनीला लागतात, थंडीत थोडी वर राहतात. मी मोजत नाही.

यंदा मात्र यादी वेगळी झाली. जानेवारीच्या सुरुवातीला काकीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केली. काकीने तो महिना पाळला, कारण मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. आदोळी बंद, झाडू बंद, उकिडवं बंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांत ती इतके दिवस कधी उंचावर राहिली नव्हती. पथ्य संपलं त्या शुक्रवारी ती अंगणात गेली, झाडू उचलायला वाकली, आणि अर्ध्यावर थांबली.

हात नडगीपाशी. तिने पुन्हा वाकून पाहिलं. तिथेच. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत मला तुळशीजवळची ती पिन दिसली.

"आता तूच जा डोंगराक," ती म्हणाली. "माझां झालां."

मी तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. गज धरायला लावले. मागे स्टूल ठेवलं, पडू नये म्हणून. "हळू खाली या, काकी. थांबात थंय थांबा." ती स्टुलाच्याही वर थांबली. "अजून ओढू?" विचारते मला! मी म्हटलं, "ओढूचा नाय. कोणी सांगलेलां माका?" तिने तोंड फिरवलं, पण गज सोडले नाहीत. पाच श्वास मोजले आम्ही. तिचे माझ्यापेक्षा लांब असतात.

तीन आठवडे रोज. आधी स्टुलापर्यंत. मग बुटक्या पाटापर्यंत. मधे दोन दिवस रुसून केलं नाही, तेही मी वहीत लिहिलेलं नाही. तिच्या नावापुढे रकानाच आखलेला नाही.

आज सकाळी आम्ही वर गेलो. यादीतल्या सगळ्या वस्तू घेऊन. तिला मी कातळावर बसवलं, पहिली बादली तिच्या पुढ्यात ओतली, ती बिया मुरगळत बसली. ऊन झाडांच्या शेंड्यावरून खाली उतरत होतं. कुठेतरी एक बोंडू सुटला. फांदीवर आपटला आणि घरंगळत तिच्या पायापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. तांबडालाल, पिकलेला.

माझा हात सवयीने पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

काकी कातळाला धरून उठली. एक हात तिने माझ्या खांद्यावर ठेवला. मी टोपली पोटाशी धरून उभी राहिले आणि श्वास मोजायला लागले. एक. दोन.

चौथ्यापाशी खांद्यावरचं वजन हलकं झालं आणि टोपलीत काहीतरी टपकन पडलं.